‘द लास्ट ऑफ अस’ : प्रेक्षकांचा शोक आणि प्रेक्षकांचा राग

सोमवार, २१ एप्रिल २०२५ ची सकाळ. आमच्या भाच्याचा फोन आला. आवाज इतका बसलेला, की घरात काही बरेवाईट घडले की काय अशी शंका आम्हाला आली. "मामू, जोएलला मारलं," एवढेच तो म्हणाला. जोएल हा आमच्या नात्यागोत्यातला नव्हे आणि मोहल्ल्यातलाही नव्हे. ‘द लास्ट ऑफ अस’ या अमेरिकन मालिकेचा तो नायक. बरे, तो मरणार हे भाच्याला पाच वर्षांपासून ठाऊक होते. ज्या व्हिडिओ गेमवर ही मालिका बेतलेली आहे, त्याच्या दुसऱ्या भागात जोएल २०२० मध्येच मेला होता आणि तो खेळ भाच्याने स्वतः खेळला होता. ठाऊक असलेल्या मरणाचे एवढे दुःख का व्हावे? आणि त्या दुःखाचा इतक्या झटपट राग का व्हावा?

मालिकेच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हाला इथे बोलायचे आहे ते तिच्या प्रेक्षकांविषयी. कारण या मालिकेने जेवढी करमणूक केली, तेवढीच आपल्या प्रेक्षकाची परीक्षाही घेतली, असे आमचे मत झाले आहे.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. मुंगीच्या शरीरात शिरून तिला आपल्या तालावर नाचवणारी कॉर्डिसेप्स कुळातील बुरशी निसर्गात खरोखरच आहे. मालिकेत ही बुरशी सप्टेंबर २००३ मध्ये माणसांत शिरते आणि जग दोन-तीन दिवसांत कोसळते. त्या रात्री टेक्सासमध्ये बांधकामाची कामे करणाऱ्या जोएलची मुलगी सारा एका सैनिकाच्या गोळीने मरते. वीस वर्षांनंतर त्याच जोएलवर एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसरीकडे नेण्याची कामगिरी येते. एलीला या रोगाची बाधा होत नाही, म्हणून तिच्यापासून औषध बनेल अशी बंडखोरांच्या एका गटाला आशा असते. प्रवासात जोएलला एलीमध्ये मुलगी सापडते. शेवटी सॉल्ट लेक सिटीच्या रुग्णालयात कळते, की औषधासाठी एलीचा मेंदू उघडावा लागेल आणि ती मरेल. एलीला कोणी विचारलेले नसते. जोएल तिथल्या माणसांना एकामागून एक ठार करतो, शस्त्रक्रियेला उभ्या असलेल्या डॉक्टरलाही गोळी घालतो, बेशुद्ध एलीला उचलून नेतो आणि पुढे तिच्याशी खोटे बोलतो.

मूळ खेळ १४ जून २०१३ रोजी आला. एचबीओवरील मालिकेचे पहिले पर्व नऊ भागांचे. ते १५ जानेवारी ते १२ मार्च २०२३ या काळात दाखवले गेले. क्रेग मेझिन आणि खेळाचे मूळ लेखक नील ड्रकमन हे तिचे कर्ते. जोएलच्या भूमिकेत पेड्रो पास्कल आणि एलीच्या भूमिकेत बेला रॅम्झी. एचबीओने दिलेल्या आकड्यांप्रमाणे अमेरिकेत पहिला भाग पहिल्या रात्री ४७ लाख लोकांनी पाहिला आणि शेवटचा ८२ लाखांनी. आपल्याकडे हे पर्व हॉटस्टारवर आले होते.

पहिल्या पर्वाच्या शेवटावर वाद झाला, पण तो गोड वाद होता. मोठ्या संख्येने प्रेक्षक जोएलच्या बाजूने उभे राहिले. कोणत्याही बापाने हेच केले असते, हा त्यांचा युक्तिवाद. आम्हीही त्यांच्यातच होतो, हे कबूल करतो. त्या डॉक्टरचे नाव काय, त्याच्या घरी कोण होते, हे आम्ही विचारले नाही. पडद्यावर तो काही क्षणच दिसला आणि त्याची तेवढीच किंमत आम्ही केली.

दुसऱ्या पर्वात त्या डॉक्टरची मुलगी येते. तिचे नाव ॲबी. पाच वर्षे शोध घेऊन ती जोएलला गाठते आणि एलीच्या डोळ्यांदेखत गोल्फच्या काठीने त्याचा जीव घेते. २० एप्रिल २०२५ रोजी, सात भागांच्या पर्वाच्या दुसऱ्याच भागात, हे दाखवले गेले. आपल्याकडे तोवर सोमवार उजाडला होता. मग भाच्याचा फोन.

इथे खेळणारा आणि पाहणारा यांच्यातला फरक लक्षात घ्यावा लागतो. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि या दुहेरीपणातच त्याला वाङ्मयानंद मिळतो, असा तिचा आशय. आम्ही वर्गात ती वर्षानुवर्षे शिकवली. व्हिडिओ गेमपुढे मात्र ती तोकडी पडते की काय, असे वाटू लागले. कारण खेळणारा दुसऱ्याच्या भूमिकेत नुसता शिरत नाही, त्या भूमिकेचे हातपायही चालवतो. रुग्णालयाच्या त्या खोलीत खेळणाऱ्याने डॉक्टरला मारल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही. भाच्याला आम्ही याविषयी छेडले, तेव्हा तो म्हणाला, "मी नाही मारलं मामू, गेमनं मारायला लावलं. बटण दाबल्याशिवाय पुढे जाताच येत नाही." हुकूम होता म्हणून केले, हा जगातला फार जुना बचाव आहे. सारावर गोळी झाडणाऱ्या सैनिकाकडेही तोच होता, पण त्याला आमच्या भाच्याने कधी माफ केले नाही.

खेळाच्या दुसऱ्या भागात, १९ जून २०२० रोजी, कर्त्यांनी याच्या पुढचे धाडस केले. जोएल मेल्यानंतर काही तास खेळणारा एली होऊन सूडाच्या वाटेवर चालतो. मग अचानक त्याला ॲबी व्हावे लागते आणि सुमारे अर्धा खेळ तिच्या देहातून खेळावा लागतो. जिचा जीव घ्यायला निघालो, तिलाच आता जिवंत ठेवायचे! भाच्याने सुरुवातीला बंड केले. "पाच-सहा वेळा मी तिला मुद्दाम मरू दिलं." मरू दिले तरी खेळ पुन्हा तिथूनच सुरू होई. हळूहळू तो थकला, तिला जगवू लागला, आणि एका टप्प्यावर तिला काही होईल या भीतीने आपल्या हाताला घाम सुटल्याचे त्याने आम्हाला जरा ओशाळून सांगितले. केळकरांची समाधी अशी बळजबरीने लावता येते, हे आम्हाला नवे होते.

मालिकेला ही सोय नाही. प्रेक्षकाच्या हातात काहीच नसते. म्हणून मेझिन-ड्रकमन यांनी क्रम बदलला. खेळात ॲबीचे कारण फार उशिरा उलगडते. मालिकेत दुसऱ्या पर्वाच्या प्रारंभीच ती आपल्या माणसांच्या कबरींपाशी उभी दिसते. तिचा बाप का मेला, हे प्रेक्षकाला जोएलच्या मृत्यूआधीच कळते. तरीही राग तसूभर कमी झाला नाही. कारण कळणे वेगळे आणि दुःख कळणे वेगळे. भाच्याला ॲबीचे दुःख कळले ते तिच्यासोबत दहा तास काढल्यावर. मालिकेने दुसऱ्या भागानंतर ॲबीला जवळजवळ दृष्टीआड केले आणि ती परत आली ती पर्वाच्या अखेरच्या काही मिनिटांत. प्रेक्षकाने तिच्याशी नाते जोडावे तरी कधी? ही मालिकेची उणीव आहे आणि तिच्यावर बोट ठेवणारे प्रेक्षक बरोबर होते. २५ मे २०२५ चा अखेरचा भाग पहिल्या रात्री ३७ लाख लोकांनी पाहिला. १३ एप्रिलला पर्व सुरू झाले तेव्हा तो आकडा ५३ लाख होता. अखेरचा भाग सुट्टीच्या आठवड्यात आला हे धरूनही, ओढ कमी झाली होती हे मान्य करावे लागते. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर समीक्षकांची पसंती ९० टक्क्यांच्या वर आणि प्रेक्षकांची ५० च्या खाली, अशी विषम स्थिती झाली.

पण या नाराजीत समीक्षा किती आणि द्वेष किती, हे निवडून पाहायला हवे. कथा अर्ध्यावर तोडली, एलीचे पात्र पोरकट लिहिले, सूडाचा ताण विरला, या तक्रारींना आधार आहे. त्यांच्याशी वाद घालता येतो. मात्र बेला रॅम्झी यांचा चेहरा खेळातल्या एलीसारखा नाही म्हणून त्यांची वर्षानुवर्षे जी टवाळी झाली, तिला कोणत्या समीक्षेत बसवायचे? २०२० मध्ये ॲबीला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. त्यांच्या तान्ह्या मुलालाही त्यातून सोडले नाही. मालिकेत ॲबी झालेल्या केटलिन डेव्हर यांच्यासाठी चित्रीकरणाच्या वेळी जादा सुरक्षा ठेवावी लागली, हे त्यांच्या सहकलाकाराने जाहीरपणे सांगितले. आणि जोएलच्या हत्येचा तो प्रसंग डेव्हर यांनी केला तो आईच्या अंत्यविधीनंतर अवघ्या काही दिवसांत. बापासाठी वेडी झालेली मुलगी रंगवणारी ही अभिनेत्री स्वतः त्या वेळी आईच्या शोकात होती. शिव्या देणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक होते?

निळू फुले यांना पडद्यावर पाहून बायका कडाकडा बोटे मोडत, असे आपल्याकडे सांगितले जाते. त्या शिव्यांत नटाला दिलेली दादही होती. इथल्या धमक्यांत दाद नव्हती. खेळ बाजारात आला त्या दिवशी मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांचे गुण १०० पैकी ९० च्या वर होते, तर सामान्यांचे गुण पहिल्या काही दिवसांतच १० पैकी ४ च्या खाली गेले. संपवायला वीस तासांहून अधिक वेळ लागणाऱ्या खेळावर निकाल काही तासांत येऊन पडले. पुढच्याच महिन्यात त्या संस्थेने नवा खेळ आल्यावर पहिले छत्तीस तास सामान्यांचे अभिप्राय न घेण्याचा नियम केला. न वाचता पुस्तकाची होळी करणारी माणसे आपल्या परिचयाची आहेत. त्यांच्यासाठी असा छत्तीस तासांचा नियम कोणी करील तर बरे होईल, असे आमच्या मनात येऊन गेले.

२९ जानेवारी २०२३ च्या तिसऱ्या भागालाही असेच हजारो लोकांनी दहापैकी एक गुण दिला. बिल आणि फ्रँक या दोन पुरुषांच्या प्रेमाची ती कथा. तो भाग आमच्या ओळखीच्या काहींनाही रुचला नाही. न रुचणे हा प्रेक्षकाचा हक्क आहे. पण त्या भागात खरोखर घडते काय, ते सांगितले पाहिजे. जगावरचा विश्वास उडालेला बिल आपल्या गावाभोवती कुंपण घालून, खड्डे खणून, एकटा राहतो. एक अनोळखी माणूस त्याच्या खड्ड्यात पडतो. बिल बंदूक रोखतो, मग त्याला बाहेर काढतो, आंघोळीला गरम पाणी देतो आणि जेवू घालतो. खड्डा खणणाऱ्याच्या घरी पाहुणा येतो, इथून सगळे सुरू होते. दाराशी आलेल्याला जेवू घालावे, हे ज्यांना घरात शिकवले गेले, त्यांना ही कथा परकी वाटायला नको. निक ऑफरमन यांना या बिलसाठी एमी पुरस्कार मिळाला. परका माणूस आपला कसा होतो, हे मालिकेने इथे एका भागात दाखवले. ॲबीच्या बाबतीत तिला ते सात भागांत साधले नाही.

आमच्या आपाने, म्हणजे भाच्याच्या अम्मीने, हा खेळ कधी हातात धरला नाही आणि मालिकाही सलग पाहिली नाही. भाचा दुसरे पर्व पुन्हा लावून बसला असताना ती भाजी निवडत शेजारी बसली होती. पडद्यावर कबरींपाशी उभी असलेली ॲबी दिसली. आपाने विचारले, "हिचं कोण गेलं?" भाचा म्हणाला, "बाप." आपा म्हणाली, "मग कालपासून तिला शिव्या कशाला देतोयस?" भाच्याने उत्तर दिले नाही. जोएलशी आपाचे नाते जुळलेले नव्हते, म्हणूनच तिला ॲबी दिसली. आम्हाला जोएल इतका आपला झाला होता, की त्याच्यामागे उभे असलेले कोणी दिसेनासे झाले होते.

लेख इथे संपवता आला असता. प्रत्येकाचे कोणीतरी गेले आहे, सूडाने सूड वाढतो, सर्वांनी एकमेकांना क्षमा करावी, असा निष्कर्ष काढला की झाले. खेळ आणि मालिका यांचाही कल तिकडेच आहे. पण ही कथा कुठून उगवली हे कळल्यावर आमचे तेवढ्याने समाधान होईना. ड्रकमन यांचा जन्म इस्रायलचा. बालपण वेस्ट बँकमधील इस्रायली वसाहतीत गेले आणि १९८९ मध्ये कुटुंब अमेरिकेला आले. ऑक्टोबर २००० मध्ये रामल्ला येथे जमावाने दोन इस्रायली सैनिकांना ठार केले. ते चित्रण पाहून आपल्या मनात त्या जमावाला तशाच यातना देण्याची इच्छा उसळली आणि नंतर त्या इच्छेची स्वतःलाच किळस व अपराधी भावना वाटली, दुसऱ्या खेळाचे बीज त्यात आहे, असे त्यांनी २०२० मध्ये मुलाखतीत सांगितले. हा कबुलीजबाब प्रामाणिक आहे. आपल्या मनातल्या द्वेषाकडे असे पाहणारे लेखक थोडे असतात. म्हणून त्याची आम्हाला कदर आहे.

मात्र त्याच वर्षी एमॅन्युएल मायबर्ग या समीक्षकाने एक आक्षेप घेतला. या खेळातील भिंती, नाकी, एकीकडे शस्त्रसज्ज सैन्य आणि दुसरीकडे धर्मवेडी टोळी, हे सारे इस्रायल-पॅलेस्टाइनची आठवण देते. आणि दोन्ही बाजू सारख्याच चक्रात अडकल्या आहेत असे सांगताना कोणाच्या हातात किती सत्ता आहे, हा प्रश्न गळून पडतो, असे त्याचे म्हणणे. मालिकेतही सिॲटल शहरात दोन गट लढतात. एकाकडे रणगाडे, दुसऱ्याकडे धनुष्यबाण. चौथ्या भागात सैन्याचा प्रमुख एका कैद्याचा छळ करतो आणि त्याच वेळी दोघांचे भांडण चालते ते तह आधी कोणी मोडला यावर. रणगाडेवाला आणि बाणवाला एकाच तागडीत तोलले जातात. ॲबी आणि एली यांना तसे तोलता येईल. दोघींचेही बाप मारले गेले. पण घर गमावलेला आणि त्या घरात राहायला आलेला यांना केवळ दोघेही रडतात म्हणून सारखे मानणे हा इन्साफ नव्हे. ऑक्टोबर २०२३ नंतर इस्रायलमध्ये आणि गाझामध्ये जे घडले ते पाहिल्यावर हा प्रश्न अधिकच टोचतो. आपाने विचारलेला प्रश्न पहिला. तो विचारलाच पाहिजे, आणि तो दोन्हीकडच्या मेलेल्यांसाठी विचारला पाहिजे. त्यानंतर दुसरा असतो : हे सुरू कशातून झाले आणि आज कोणाचा हात वर आहे? मालिका पहिल्या प्रश्नापाशी थांबते. तिच्या संतप्त प्रेक्षकांपैकी अनेक जण तर त्या प्रश्नापर्यंतही पोहोचले नाहीत.

जाता जाता एका पात्राची आठवण द्यायची आहे. पहिल्या पर्वाचा दुसरा भाग जकार्तात सुरू होतो. बुरशीशास्त्राच्या प्राध्यापक इबू रत्ना यांना लष्करी अधिकारी भर जेवणातून उठवून नेतात आणि एक प्रेत तपासायला लावतात. ही भूमिका इंडोनेशियाच्या नामवंत अभिनेत्री क्रिस्टीन हकीम यांनी केली आहे. रत्ना यांना सारे उमगते. औषध नाही, लस नाही, असे त्या सांगतात आणि शहरावर बॉम्ब टाका असा सल्ला देतात. हातातला चहाचा कप थरथरत असतो. मग त्या एवढेच मागतात, की मला कोणीतरी घरी सोडा, मला माझ्या माणसांजवळ जायचे आहे. प्रेक्षकांनी या प्रसंगाची तोंड भरून स्तुती केली. त्यानंतर कथा अमेरिकेला गेली ती जकार्ताला परतली नाही. जोएलसाठी फोन करून रडलेल्या आमच्या भाच्याला आम्ही विचारले, "त्या बाई घरी पोहोचल्या का रे?" त्याने थोडा वेळ आठवून पाहिले. मग म्हणाला, "कोणत्या बाई, मामू?"